चौथा बोल्ट

बाबा, आज रविवार आहे, वर्कशॉप बंद आहे आणि मला एक फोन करायचा आहे. नंबर समोर लिहून ठेवला आहे. सकाळपासून दोनदा चहा झाला, कपडे धुऊन झाले, ते वाळतही आले, पण फोन झाला नाही. त्याऐवजी ही वही उघडून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. तुमच्या पोलादाच्या प्लांटचं क्वार्टर सोडावं लागलं, आई दादाकडे नागपूरला गेली आणि मी इथंच मरोद्याला ही एक खोली घेऊन राहते. दिवसभर हिंदीच बोलते. मराठी आता आईच्या फोनपुरती उरली आहे, आणि तिचा फोन दादाच्या मुलांच्या गोंधळात पाच मिनिटांत संपतो. परवा भाजी चिरताना "मले नाही जमत" असं मोठ्यानं म्हणून गेले आणि स्वतःच दचकले. खोलीत दुसरं कोणी असावं असं वाटलं.

मी ज्या गाड्यांवर काम करते त्या पाहून तुम्ही आधी हसला असतात. शर्यतीत पळणारं यंत्र घ्यायचं, त्याला हेडलाइट, आरसे आणि नंबर प्लेट लावायची आणि रस्त्यावर सोडायचं, अशी ही मोटरसायकल. हँडल खाली, पाय मागे दुमडलेले, चालवणारा टाकीवर जवळजवळ पालथा. मागच्या माणसाला बसायला वहीएवढी गादी. तुमच्या स्कूटरवर आपण गॅसचा सिलिंडर आणला, गव्हाचं पोतं आणलं, एकदा तर आईची शिलाई मशीन आणली. या गाडीवर चार केळी आणायची तर जॅकेटात कोंबावी लागतील. पहिल्याच गिअरमध्ये ती शंभराच्या पुढे जाते, आणि आपल्या सेक्टरमधल्या रस्त्यांवर जिकडे तिकडे ब्रेकर. एवढी महागडी गाडी, पण ब्रेकरवरून नेताना मालक दोन्ही पाय टेकवत, तिरकी करत, खाटेवरून म्हातारं माणूस उतरवावं तसा तिला उतरवतो. राइस मिलवाल्यांची मुलं, डॉक्टरांची मुलं, एक-दोन स्वतः डॉक्टर. रविवारी सकाळी राजनांदगावच्या बाजूला हायवेवर जातात, पोहे खातात आणि परत येतात.

मी हसते खरी, पण या गाड्या मला मनापासून आवडतात. बाहेरचं रंगीत कवच काढलं की आत एकही गोष्ट फुकट बसलेली नसते. प्रत्येक बोल्ट कुठल्या तरी कामाला आहे, आणि तो किती कसायचा हे ठरलेलं आहे, ना कमी ना जास्त. कॉलेजात मला वाटायचं, जगात सगळं असं असायला हवं. अजूनही थोडं वाटतं. आपल्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. डिग्रीचा कागद आला तेव्हा आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि मामानं विचारलं, "आता कोन्त्या ब्यांकेत लागशीन?" प्लांटच्या परीक्षेत माझं नाव लागलं नाही. मग हायवेवरच्या या वर्कशॉपमध्ये मला समोरच्या काउंटरवर बसवलं, लोकांना नमस्कार करायला आणि कॉफी विचारायला. मला आत, गाड्यांवर काम करायचं होतं. ते मिळवायला दोन वर्षं गेली. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहून विचारलं, "मैडम, मिस्त्री को बुला दीजिए ना." मी म्हटलं, "बुला दिया." तो इकडे तिकडे पाहत राहिला.

आत गेल्यावर मी एक गोष्ट सुरू केली, ती तुमची. ज्या गाडीवर माझं काम चालू असतं तिच्या किल्लीला मी माझ्या नावाचा लाल टॅग बांधते. तो टॅग मीच काढायचा. टॅग आहे तोवर गाडी बाहेर जायची नाही. सुरुवातीला सगळे हसले. "प्लांटवाली आ गई, अब परमिट बनवाओ," म्हणाले. मग हळूहळू मॅनेजरलाही ते बरं वाटलं, कारण अर्धवट काम झालेली गाडी चुकून बाहेर जाणं थांबलं. ही रीत कुठून आली असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, घरातून.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. मी अकरावीत होते. रायपूर-नागपूरकडचे लोक अशाच गाड्या घेऊन सिव्हिक सेंटरच्या मैदानावर येणार होते, दाखवायला. मी आठवडाभर तुमच्या मागे लागले होते. तुमची सकाळची शिफ्ट, दोनला सुटणार. तुम्ही धावतपळत आलात, जेवलातही नाही, तसंच मला स्कूटरवर बसवलंत. मैदानावर पोरांची ही गर्दी, सगळे गाडीसमोर उभे राहून फोटो काढताहेत, आणि तुम्ही मात्र एका लाल गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसला आहात. कपाळावर हेल्मेटची खूण तशीच. तुम्ही त्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या ब्रेककडे बोट न लावता बघत आहात. मी मनातल्या मनात म्हणते आहे, उठा ना आता.

"पाय व, इकडं ये," तुम्ही म्हणालात. "पळवाले सारेच पाहून राहिले. थांबवते कोन, हे पाय. ह्या दोन बोल्टाच्या भरवशावर बसते मानूस."

मला तेव्हा त्यात काही रस नव्हता. मला गाडी चालू होताना ऐकायची होती. चार वाजता सगळ्या गाड्या एकदम चालू करणार होते. चारला थोडा वेळ असताना तुमचा छोटा मोबाइल वाजला. तुमच्या फोनचा आवाज इतका मोठा होता की फोरमनचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. तुम्ही शिफ्टमध्ये मिलच्या रोलर टेबलच्या, म्हणजे तापलेलं लोखंड पुढे सरकवणाऱ्या रुळांच्या, गिअरवर काम केलं होतं. काम संपलं, सगळ्यांनी स्विचवरचे आपापले टॅग काढले, आणि घाईत तुमचा राहून गेला. मिल उभी होती. टॅग लटकलेला म्हणजे त्याचा माणूस अजून यंत्रात असेल, म्हणून कोणी स्विच टाकत नव्हतं.

फोरमन म्हणाला, "अरे यार, बस हाँ बोल दो. मैं निकाल देता हूँ. सबको पता है तुम घर चले गए."

तुम्ही म्हणालात, "नहीं साब. मैं आता हूँ."

"पागल है क्या? पूरी मिल खड़ी है."

"आता हूँ साब. बीस मिनट."

मग माझ्याकडे वळून, "इथंच थांबजो. जागची हलू नको." आणि गेलात. चारला त्या गाड्या चालू झाल्या. मी एकटी उभी होते. आवाज पायातून वर येत होता, छातीत शिरत होता, आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा गाड्या ट्रकवर चढल्या होत्या आणि मैदानात चुरमुऱ्यांचे कागद उडत होते. स्कूटरवर तुम्ही विचारलंत, "कसा होता आवाज?"  घरी आल्यावर स्वयंपाकघरात आई भाकरी टाकत होती, तिच्यादेखत मी तुमच्यावर ओरडले. तुम्हाला इतकं ओरडून मी कधी बोलले नव्हते. "एक टॅग! फोनवर हौ म्हनलं असतं तं काय झालं असतं? तुमी घरी होते हे साऱ्याइलेच मालूम होतं!"

तुम्ही हात धूत होतात. पाठमोरेच म्हणालात, "आज घरी होतो. उद्या अंदर असलो तं?"

"पन आज होते ना घरी!"

"तं काय झालं. फोनवर हौ म्हनाची सवय लागते, बाई."

त्यानंतर तुम्हाला मिलमधून हलवून तीन-चार महिने टूल रूममध्ये बसवलं होतं, पाने-हत्यारं मोजून द्यायला आणि मोजून घ्यायला. मिल उभी राहिली म्हणून. आम्हाला तुम्ही सांगितलंत की तिथं पंखा आहे, आराम आहे. तुमच्यासोबतच्या काकांनी तुमच्या तेराव्याला मला खरं सांगितलं. विचारल्यावर सगळ्यांसमोर तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "मी इसरलो." घाई कशाची होती ते सांगितलं नव्हतं. सोबतच्यांनी किती विचारलं तरी नाही. ते काका म्हणाले, "बेटा, त्याले कारन असन काहीतरी. बिनाकारनचा इसरनारा मानूस नोता तो."  पानं वाढत होते, वाढत राहिले.

आता काल काय झालं ते लिहिते.

एका मुलाची गाडी आली होती, अशीच पुढे झुकलेली, निळी. असेल चोवीस-पंचवीस वर्षांचा, बोलायला चांगला. पुढचा टायर बदलायचा होता. टायरसाठी चाक काढावं लागतं, चाकासाठी दोन्ही बाजूंचे ब्रेक. प्रत्येक ब्रेक दोन बोल्टांवर बसतो. म्हणजे चार बोल्ट. ते टॉर्क रेंचनं कसायचे, ठरलेल्या जोराला रेंच क्लिक होतो, मग त्या बोल्टवर पिवळ्या पेननं एक रेघ. मी डावीकडचे दोन केले, उजवीकडचा एक केला. चौथा बोटांनी लावला आणि रेंच चढवणार तेवढ्यात समोरून बोलावणं आलं. वर्कशॉपच्या पेजवर टाकायला माझा फोटो हवा होता. "हमारी लेडी टेक्निशियन." फोटोवाल्यानं मला दुसऱ्याच, जास्त चमकणाऱ्या गाडीजवळ बसवलं आणि रेंच उलटा धरायला सांगितला, कारण तसा तो फोटोत चांगला दिसत होता. मी सांगितलं, असा धरत नाहीत. तो म्हणाला, "मैडम, आप बस स्माइल कीजिए." मी हसले. खरं म्हणजे मला छान वाटत होतं. वाटलं, आईला पाठवीन.

शनिवारी आमचा अर्धा दिवस. फोटो झाले, सगळे चहाला गेले, मीही गेले आणि तशीच घरी आले. तीनच्या सुमारास मॅनेजरचा फोन आला. निळ्या गाडीचा मुलगा घ्यायला आला आहे, किल्लीला तुझा टॅग आहे. "काम हो गया था ना? निकाल दूँ?"

मी पंख्याखाली पडले होते. बाहेर ऊन होतं. मला वाटलं, झालंच की. मी म्हटलं, "हाँ सर, निकाल दीजिए."

एवढंच. त्यात एक क्षणसुद्धा गेला नाही. तुम्ही आठवला नाहीत.

पाचला भांडी घासताना हात थांबले. रेंचचा आवाज कानात असतो माझ्या, दिवसभराचा. क्लिक, क्लिक, क्लिक. त्या गाडीचे तीनच आठवत होते. मी पुन्हा पुन्हा मोजले. चौथ्याच्या जागी फोटोवाल्याचा आवाज येत होता. मुलाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. स्कूटी काढली, वर्कशॉपच्या वॉचमनकडून रेंच घेतला, आणि पत्ता शोधत नेहरूनगरला त्याच्या घरी गेले. त्याची आई बाहेर आली. म्हणाली, "वो तो घूमने निकल गया, नए टायर की खुशी में." मला त्यांनी पाणी दिलं, आत बसा म्हणाल्या. मी फाटकाशीच उभी राहिले. उजव्या ब्रेकचा एक बोल्ट पूर्ण कसलेला होता, म्हणजे ब्रेक लगेच निखळणार नव्हता, हे मला माहीत आहे. पण एका बोल्टावर किती वेळा, कितीच्या वेगाला, ते मला माहीत नाही. कुठल्याही पुस्तकात ते लिहिलेलं नसतं, कारण तसं कोणी करू नये. रस्त्यावर प्रत्येक गाडीचा आवाज यायचा आणि मी मान वर करायची. भाजीवाला गेला, शाळेची रिकामी बस गेली. त्या बाई दोनदा येऊन विचारून गेल्या, "कुछ प्रॉब्लम है क्या बेटा?" मी म्हटलं, नाही काकी.

दिवस कलताना तो आला. हेल्मेट काढून हसला. "अरे मैडम! आप यहाँ?"

आणि बाबा, मी म्हटलं, "रूटीन चेक है. टायर बदलने के बाद करते हैं."

चौथा बोल्ट दोन बोटांनी फिरला. थोडा बाहेरही आला होता. मी त्याच्याकडे पाठ करून तो कसला, क्लिक ऐकला, रेघ मारली. तो मागून म्हणत होता, "घर आके सर्विस! ऐसा तो दिल्ली में भी नहीं होता." त्यानं माझा फोटो काढला. हात काळे, केस विस्कटलेले, रेंच बरोबर धरलेला. रात्रीच तो फोटो त्यानं वर्कशॉपच्या पेजवर टाकला, खाली माझं भरभरून कौतुक. आज सकाळी मॅनेजरचा फोन आला, तो खूश होता. म्हणाला, "मैं तो सबको बोलता था, लड़की को मौका दो." तो असं कधी बोलत नव्हता, पण आता बोलत होता. पुढच्या महिन्यापासून आणखी दोन मुलींना आत घ्यायचा विचार आहे म्हणाला. त्यांना शिकवायचं मी.

तेव्हापासून मी त्या मुलाला हा फोन करू शकलेले नाही. स्वतःला खूप कारणं सांगून झाली. बोल्ट आता कसलेला आहे. मुलगा सुखरूप आहे. मी सांगितलं तर तो घाबरेल, त्याची आई घाबरेल, आणि आमच्याकडचे ते सगळे, जे इतके दिवस तोंडावर हसून मागून काही ना काही बोलत असतात, ते म्हणतील, बघा, पोरीच्या हातात रेंच दिला. माझं जे जाईल ते जाईल, पण त्या दोन मुलींचं सुरू व्हायच्या आधीच जाईल. हे कारण मला सगळ्यात चांगलं वाटलं. त्याच्या आड मी दोन तास लपले. मग लक्षात आलं की त्या मुलींना पहिल्या दिवशी मी टॅग बांधायला शिकवीन, आणि त्यांच्यातली एखादी विचारेल की मॅडम, फोनवर हो म्हटलं तर चालतं का. तेव्हा मी काय सांगणार?

इथं मी थांबले होते. मधे पाऊण तास गेला. फोन केला.

त्यानं लगेच उचलला, आनंदात. मी सरळ सांगितलं, हिंदीत, न थांबता, कारण थांबले असते तर पुढचं आलं नसतं. बोल्ट माझा राहिला होता, टॅग काढायला मी सांगितलं, रूटीन चेक वगैरे काही नसतं.  त्याच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता.

"मतलब कल मैं जब एक सौ अस्सी पे था..."

"हाँ."

"और आपने आके मुझे रूटीन बोला."

"झूठ बोला."

"मेरी मम्मी ने आपको पानी पिलाया," तो म्हणाला. हे त्यानं का म्हटलं ते त्यालाही कळलं नसावं. मग म्हणाला, "ठीक है. मैं देखता हूँ," आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं पेजवरून तो फोटो गेला. मग मी मॅनेजरला फोन केला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "उसको बताने की क्या ज़रूरत थी?" मी म्हटलं, त्याची गाडी आहे. तो म्हणाला, "कल आओ, बात करते हैं. तब तक किसी गाड़ी को हाथ मत लगाना. और वो दो लड़कियों वाला अभी रहने दो."

खाली गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत. आईला फोन करावा असं वाटलं, पण तिला टॅग म्हणजे काय, टॉर्क म्हणजे काय, इथपासून सांगावं लागेल, आणि तोवर दादाची मुलं फोन ओढून घेतील. हे समजणारं माणूस एकच होतं.

बाबा, तुम्ही "मी इसरलो" म्हणालात ते काकांनी सांगितल्यापासून मी एक चित्र मनात धरून आहे. तुम्ही सगळ्यांसमोर खरं सांगता, आणि मग तुमच्या मनावर काही ओझं राहत नाही. टूल रूममध्ये शांत बसून पाने मोजता. पंखा फिरतो. मला वाटलं होतं, फोन ठेवला की मलाही तसंच होईल. नाही झालं. तो चौथा बोल्ट अजून दोन बोटांत फिरतोच आहे, आणि वर आता उद्याची भीती. तुम्हालाही तेव्हा बरं वाटलं नसेल. वाटलं असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. ते मीच ठरवून टाकलं होतं, तुम्हाला न विचारता.